मुंबईचा मालमत्ता कर : भाड्यापासून भांडवली मूल्यापर्यंत

मालमत्ता कराचा दर साऱ्या शहराला एकच असला, तरी ज्या मूल्यावर तो दर लावायचा ते मूल्य प्रत्येक भागात निराळ्या मापाने ठरत असेल, तर कराचा भार समान राहत नाही. आणि महापालिकेला लागणारी रक्कम कुठून तरी उभी करावीच लागत असल्याने एका वस्तीचे कमी धरलेले मूल्य दुसऱ्या वस्तीच्या देयकातून वसूल होते. मुंबईत ही स्थिती अनेक दशके टिकून होती, आणि तिचे मूळ कर आकारणाऱ्यांच्या मनमानीपेक्षा दोन कायद्यांच्या संयोगात अधिक होते.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमानुसार कराचा आधार होता ‘करयोग्य मूल्य’, म्हणजे इमारत वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास जे वाजवी भाडे अपेक्षित असेल, त्यातून दुरुस्ती व इतर सर्व खर्चांपोटी १० टक्के वजा करून उरणारी रक्कम. ही व्याख्या सरळ होती; परंतु १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने असलेल्या जागांचे त्या दिवशीचे भाडे हेच ‘प्रमाणित भाडे’, म्हणजे मालकाला कायदेशीरपणे घेता येणारे भाडे, असे सर्वसाधारणपणे ठरवले, आणि नियंत्रित जागेचे वाजवी भाडे प्रमाणित भाड्याहून अधिक धरता येत नाही, असे कलकत्ता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे दक्षिण मुंबईतील जुन्या चाळी आणि प्रशस्त जुन्या सदनिकांचे करयोग्य मूल्य जवळपास गोठले, तर पुढे उपनगरांत उभ्या राहिलेल्या इमारतींचे मूल्य त्या काळच्या चढ्या भाड्यांवरून ठरत गेले. परिणामी समुद्रकिनाऱ्यावरील मोक्याच्या जुन्या घराला अंधेरी किंवा मुलुंडमधील नव्या, लहान घरापेक्षा कमी कर पडणे शक्य झाले. नियंत्रित भाड्याने भाडेकरूला संरक्षण दिले हे खरे, पण मालक स्वतः राहत असलेल्या घरालाही त्याच जुन्या मापाचा लाभ मिळत गेला, याचे समर्थन करणे कठीण आहे.

या विषमतेवरचा उपाय म्हणून अधिनियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात भाड्याचा विचारच बाजूला पडतो; मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी राज्य शासन विभागवार जे बाजारमूल्य दर जाहीर करते, म्हणजेच रेडी रेकनर, त्यातील त्या भागाचा दर आधार मानला जातो, आणि त्याला क्षेत्रफळाने गुणून वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांनुसार ठरलेले गुणक लावले जातात. जागेचे महत्त्व दरातून आणि इमारतीचे जुनेपण वयाच्या गुणकातून व्यक्त होत असल्याने कुलाबा व बोरिवली ही दोन टोके प्रथमच एका सूत्रात मोजली गेली.

मूल्य समान मापाने मोजले गेले, तरी कर लगेच त्या मापावर आला नाही. निवासी मालमत्तेचा कर आधीच्या वर्षाच्या दुपटीहून व बिगरनिवासी मालमत्तेचा तिपटीहून अधिक वाढू नये, पुढील फेरमूल्यांकनात वाढ ४० टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पहिली पाच वर्षे वाढू नये, अशा मर्यादा कायद्यातच घातल्या गेल्या. एका वर्षात देयक कित्येक पटींनी फुगण्याची भीती पाहता त्या समजण्याजोग्या होत्या. तथापि मर्यादेचा पाया जुने देयक हाच असल्याने ज्याचा जुना कर सर्वांत कमी, त्यालाच मर्यादेचा सर्वाधिक लाभ झाला. पुढे २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतची निवासी घरे मालमत्ता करातून पूर्णपणे वगळण्यात आली, तेव्हा वस्तीपेक्षा घराचा आकार निर्णायक ठरला.

बाजारमूल्यात काय मोजावे, हा वाद मात्र न्यायालयात गेला. महापालिकेच्या नियमांनी मोकळ्या जमिनीचे मूल्य ठरवताना तिच्यावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकातून (भूखंडाच्या क्षेत्रफळाशी अनुज्ञेय बांधकामाच्या प्रमाणातून) मिळणारी क्षमता, धरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संबंधित नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जमिनीची आजची स्थितीच मूल्याचा आधार होऊ शकते, न झालेले बांधकाम नव्हे, हा त्यातील मुख्य मुद्दा होता.

दर पाच वर्षांनी मूल्ये नव्याने ठरवावीत, ही या पद्धतीतील तरतूद तिच्या समानतेचा कणा आहे, कारण शहरातील भाव सर्वत्र एका गतीने वाढत नाहीत. २०१५ मध्ये ते काम झाले, परंतु २०२० मधील फेरमूल्यांकन कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडले, आणि ज्या वस्त्यांचे भाव दरम्यान झपाट्याने बदलले, त्यांची करआकारणी जुन्याच मूल्यांवर चालू राहिली.