पैसे अडकले कुठे?

खानदेशातून आलेली मराठी घरं सुरतच्या डिंडोलीत पुष्कळ. तिथल्या एखाद्या गाडीवर वडापावचे पैसे फोनवरून दिले, खात्यातून गेले, पण गाडीवरचा स्पीकर गप्प. "गेले ना भाऊ पैसे!" "आले नाहीत पण!" दोघंही खरंच बोलतात.

यूपीआय हा एकच प्रोग्रॅम नाही. फोनमधलं ॲप, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा, देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक अशा अनेक ठिकाणी निरोप फिरतो आणि प्रत्येकाची नोंद वेगळी. व्यवहाराला 12 अंकी क्रमांक असतो, म्हणून निदान माग तरी लागतो.

मोठ्या ॲपच्या पोटातही अशाच शेकडो छोट्या सेवा असतात. पूर्वी त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या साधनांचा मेळ नसे. साधन बदललं की कोडमध्ये पुन्हा हात घाला. 2019 मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन यावर उपाय म्हणून ओपनटेलिमेट्री हा खुला प्रकल्प उभा राहिला. 2020 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने 'ट्रेस कॉन्टेक्स्ट' हे मानक मंजूर केलं: ॲपकडे आलेल्या प्रत्येक विनंतीला 32 चिन्हांचा क्रमांक मिळतो, तो प्रत्येक सेवा पुढे धाडते आणि आपल्याला लागलेला वेळ त्याच क्रमांकाखाली नोंदवते. वेळ कुठे गेला, ते मग एका ओळीत दिसतं.

अडचण खर्चाची. सगळं साठवणं परवडत नाही, म्हणून सुरुवातीलाच निवडलेले थोडेच नमुने ठेवतात, आणि नेमकी अडलेली विनंती त्यातून निसटते. त्यापेक्षा विनंती पुरी झाल्यावर ठरवावं: चुकलेल्या आणि रेंगाळलेल्या ठेवायच्या, सुरळीत गेलेल्या बहुतेक टाकायच्या. त्याला मेमरी जास्त लागते, पण मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.