सूचीत नाव, शोधात स्थान

ज्याचे नाव नोंदीत नाही तो अस्तित्वातच नाही, असे मानण्याची सवय आपल्या समाजव्यवस्थेला फार जुनी आहे. सातबारा असो, शाळेचा हजेरीपट असो की मतदारयादी. आपल्या माणसांना प्रत्येक ठिकाणी नाव चढवून घेण्यासाठी झगडावे लागले. आता त्यात इंटरनेटवरील शोधाची भर पडली आहे. वस्तीतला विद्यार्थी मोबाइलवर ‘अभ्यासिका’ हा शब्द टाकतो आणि चार गल्ल्यांपलीकडचे वाचनालय त्याला दिसत नाही. तेव्हा त्याच्यापुरते ते वाचनालय नसतेच.

गेली काही वर्षे मी लहान वाचनालयांच्या व नियतकालिकांच्या वेबसाइट उभ्या करण्याचे काम करीत आहे. ‘कोणकोणत्या डिरेक्टरीत नाव घातले म्हणजे आपण वर दिसू?’ हा प्रश्न कार्यकर्ते हमखास विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी या सूचींचा इतिहास पाहावा लागेल.

1994 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी वेबसाइटींची विषयवार यादी केली. तिचेच पुढे ‘याहू’ झाले. यादीत कोणाला घ्यायचे हे संपादक ठरवीत. व्यापारी वेबसाइटींकडून पुढे वर्षाला 299 डॉलर आकारले जाऊ लागले, आणि पैसे भरले म्हणजे प्रवेश मिळेलच याची हमी नसे. 1998 साली सुरू झालेली ‘डीमॉझ’ ही सूची विनामूल्य होती. स्वयंसेवक संपादक ती चालवीत. गूगलनेही काही वर्षे तिच्यावर आधारलेली स्वतःची सूची ठेवली होती. याहूची सूची 2014च्या अखेरीस, तर डीमॉझ मार्च 2017मध्ये बंद झाली.

सूची म्हटली की तिच्यामागे सूची करणाऱ्याची दृष्टी आलीच. ग्रंथालयांत वापरली जाणारी ड्युई वर्गीकरण पद्धती 1876 सालची. तिच्यात धर्मासाठी 200 ते 299 हे क्रमांक आहेत. त्यांतील 220 ते 289 हा पट्टा परंपरेने ख्रिस्ती धर्माकडे, आणि बौद्ध धम्म 294.3 या एका कोपऱ्यात. म्हणून आपण कोणत्या शीर्षकाखाली बसतो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

1998 साली गूगल स्थापन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी वेगळी रीत काढली. एका वेबसाइटने दुसरीची लिंक दिली की ते तिच्या बाजूने पडलेले मत समजायचे. मात्र ‘एक मत, एक मूल्य’ हे लोकशाहीचे तत्त्व येथे नाही. ज्याला स्वतःला पुष्कळ मते मिळाली आहेत, त्याच्या मताचे वजन अधिक. मताला वजन आले की मतांचा बाजार भरतो, हे आपल्याला निवडणुकांवरून ठाऊक आहे. येथेही तेच झाले. केवळ लिंक विकण्यासाठी शेकडो डिरेक्टऱ्या निघाल्या. एप्रिल 2012मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून अशा लिंकवर तगून असलेल्या वेबसाइटींना खाली ढकलले. 2016पासून अशा लिंक बहुधा मोजल्याच जात नाहीत. निकृष्ट डिरेक्टऱ्यांतील लिंक गूगलच्या नियमांत आजही गैरप्रकारांत मोडतात.

तरीही हा बाजार चालू आहे. मी काम करीत असलेल्या एका वाचनालयाला एका कंपनीच्या प्रतिनिधीने 500 डिरेक्टऱ्यांत नाव घालून देण्याचे आमिष दाखवले. मागितलेल्या पैशांत वाचनालयाची वर्षाची वर्तमानपत्रे आली असती. त्या 500 डिरेक्टऱ्या वाचतो कोण, या आमच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. लोक ज्या सूची पाहतात त्यांत नाव असावे, बाकीच्यांचा सोस नको, एवढाच विवेक येथे पुरेसा आहे.

मग करावे काय? पहिले, मजकूर युनिकोड देवनागरीत असावा. आपली कित्येक नियतकालिके जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली किंवा पानांची चित्रे म्हणून चढवलेली असतात. जुन्या फाँटचा मजकूर शोधयंत्राला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि चित्रातला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असे नाही. दुसरे, गूगलवरील स्थळनोंद करावी. ती विनामूल्य आहे. मात्र जेथे लोक प्रत्यक्ष येतात अशाच जागेसाठी. जवळच्या जागा दाखवताना गूगल शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती पाहते. तेथे वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही. प्रकार निवडताना ‘वाचनालय’ हाच निवडावा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशातही मराठी नाव घालता येते.

तिसरे, नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्वत्र एकसारखे असावे. बाबासाहेबांच्या, जोतीरावांच्या, सावित्रीबाईंच्या नावाची वाचनालये गावोगाव आहेत. नावात गाव वा वस्ती नसेल तर शोधणारा भलत्याच जिल्ह्यात पोहोचतो. एका ठिकाणी ‘वाचनालय’, दुसरीकडे ‘ग्रंथालय’, रोमन लिपीत आणखी तिसरे, असे झाले तर एकाच संस्थेच्या तीन संस्था होतात. संस्थेच्या नोंदणीतले नाव हेच प्रमाण धरावे.

चौथी गोष्ट पैशाने होत नाही. आपले विद्यार्थी प्रबंध लिहितात, प्राध्यापक वाचनयाद्या करतात, कार्यकर्ते अहवाल काढतात. त्यांत ज्या वाचनालयातून पुस्तक मिळाले, ज्या नियतकालिकातून लेख घेतला, त्याची लिंक किती जण देतात? ‘तू माझी दे, मी तुझी देतो’ अशी नुसती देवाणघेवाण नको. तिचा अतिरेक गूगलही गैर मानते. ज्याचा उपयोग झाला त्याचा उल्लेख करावा, हा अभ्यासाचा साधा प्रामाणिकपणा आहे. प्रस्थापितांची नावे वर राहतात, कारण ते एकमेकांचे उल्लेख सातत्याने करीत आले. आपल्या शिक्षकांनी पुढच्या सत्राची वाचनयादी वेबसाइटवर चढवताना प्रत्येक पुस्तकापुढे ते जवळच्या कोणत्या वाचनालयात मिळेल हे लिंकसह लिहिले, तर सुरुवात झाली असे मी समजेन.