दळणाचा दगड

सोलापुरात ‘गिरणी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम उभी राहते ती पिठाची चक्की नव्हे, तर उंच धुराड्याची, भोंग्याची आणि पाळ्यांची कापडगिरणी. १८७७ साली सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’ने या शब्दावर असा काही कायमचा कब्जा करून ठेवला आहे की आमच्या गल्लीतली बाई दळणाचा डबा काखेला मारून निघाली म्हणजे ‘चक्कीवर जाऊन येते’ असेच म्हणते, ‘गिरणीत’ म्हणत नाही. गिरणीत जायचे ते घरधन्याने. ती गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, धुराडीही गेली, तरी शब्दाची मालकी अद्याप बदललेली नाही. आणि ज्या क्रियेवरून या सर्व यंत्रकुलाचे नाव आले असावे असे वाटते, ते दळण मात्र आमच्या नागरी इतिहासात कोणत्याही दप्तरात नोंदले न जाता राहून गेले.

हा विचार मनात येण्यास कारण झाले ते पवनचक्क्यांविषयीचे वाचन. हॉलंडात किंडरडाइक या ठिकाणी १७४० च्या सुमारास पाणी उपसण्यासाठी उभारलेल्या एकोणीस पवनचक्क्या आजही जतन केलेल्या आहेत, आणि त्या देशात दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ठिकठिकाणच्या जुन्या चक्क्यांचे दरवाजे लोकांसाठी उघडून, शिडे लावून, त्या प्रत्यक्ष फिरवून दाखवण्याचा शिरस्ता आहे. आपल्या मुलखात वारा काही कमी नाही; आषाढात सोलापूरच्या माळावर उभे राहिले तर डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागते. असे असता आपल्याकडे धान्य दळणारी पवनचक्की रुजली का नाही, आणि दळणाच्या इतिहासाचे एखादे लहानसे संग्रहालय तरी कोठे आहे काय, असे दोन प्रश्न मला पडले. त्यांतील दुसऱ्याचे उत्तर आधी सापडले, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात.

पंढरपूरच्या दक्षिणेला मैल-दीड मैलावर गोपाळपूर आहे. लहानशा टेकडीवर गोपाळकृष्णाचे देऊळ, आणि त्याच आवारात जनाबाईचा संसार म्हणून दाखवतात तो. त्यात मुख्य मान जात्याचा. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी वाढली, दासी म्हणून राबली, आणि तिच्या एकटीच्या हाताला दळण ओढवेना तेव्हा विठ्ठल स्वतः समोर बसून खुंट्याला हात लावी, अशी कथा सातशे वर्षे सांगितली जात आहे. एके दिवशी घाईत देव तिची वाकळ पांघरून गेले, आपला शेला व पदक तिथेच विसरले, आणि त्यापायी चोरीचा आळ जनीवर आला, इथपर्यंत त्या कथेचा तपशील माणसांच्या संसाराला चिकटलेला आहे. दाखवले जाणारे जाते खरोखरच चौदाव्या शतकातले काय, हा प्रश्न पुराणवस्तुखात्याने खुशाल विचारावा. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की आषाढी पौर्णिमेला, सर्व दिंड्या गोपाळकाल्यासाठी या टेकडीवर जमतात आणि वारीची सांगता होते तेव्हा, देवदर्शन उरकून बायका या दगडाकडे वळतात. खुंट्याला हात लावून एखादा तरी फेरा द्यावा म्हणून त्यांची धडपड चालते. ज्यांच्या घरात गेली चाळीस वर्षे विजेच्या चक्कीचे पीठ आहे अशा बायका हातात खुंटा आला की मांडी मोडून कशा बसतात, आणि डावा हात जात्याच्या तोंडाशी वैरण घालायला आपोआप कसा जातो, हे पाहण्यासारखे असते.

जात्याची रचना पाहू गेल्यास ती साधी, पण फसवी आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. मधोमध खालच्या तळीत रोवलेला खिळा, आणि वरच्या तळीच्या तोंडात बसवलेली लाकडाची माकडी, जिच्या भोकात त्या खिळ्याचे टोक बसते. सारी किमया या माकडीत आहे. तिच्याखाली चिंधीची चकती घालून वरची तळी केसभर उचलली की पिठाऐवजी डाळीचा भरडा पडतो, चकती काढली की शाळूचे मऊ पीठ. म्हणजे आमच्या आज्यांनी ज्याला कारखान्यात सूक्ष्म जुळवणी म्हणतात ती एका चिंधीवर भागवली होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिच्या चवीचे गुणगान झाले. पण ती चव भाकरीत उतरायची तर पीठ ताजे आणि न तापलेले असावे लागते, ही गोष्ट जात्याशी संबंधित असल्यामुळेच की काय, कोणी बोलले नाही.

दगड झिजला म्हणजे त्याला टाकी लावावी लागे. माझ्या लहानपणी ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत टकारी गल्लीतून जात असे, आणि आजी त्याला ओसरीवर बसवी. तो वरची तळी उलथी करून मांडीशी टेकवी, बोटे फिरवून गुळगुळीत झालेली जागा हुडकी, मग टोकदार छिन्नी आणि लहान हातोडा घेऊन मध्यापासून काठाकडे टिचक्या मारीत जाई. त्या ठिणग्यांसाठी आम्ही मुले गोळा होत असू आणि डोळ्यांत कच जाईल म्हणून तो आम्हांला हाकलीत असे. टाकी लावून झाल्यावर पहिले दळण माणसाने खायचे नाही हा नियम. थोडा कोंडा घालून दोन-तीनदा दळायचे आणि ते गुरांपुढे टाकायचे. त्यानंतर आजी चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांत घेऊन कानाजवळ चोळी. कानाजवळ का, हे मला फार पुढे उमगले: पीठ जाड की बारीक हे डोळ्यांपेक्षा तो आवाज अधिक चोख सांगतो.

सोलापूरसारख्या तीन भाषांच्या गावात या दगडाला नावेही तीन. मराठी घरात जाते, कानडी घरात ‘बीसुव कल्लु’, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात ‘तिरुगली’. पूर्व भागातल्या एका वाड्यात तिन्ही भाषांतल्या शेजारणी एकाच जात्यावर आळीपाळीने दळीत, आणि पहाटे कोणती ओवी कानावर येते यावरून आज पाळी कोणाची ते अंथरुणातच कळे, असे एका वृद्ध स्नेह्यांनी मला सांगितले होते.

आता या दगडाचे वय. पाटा फार जुना. इनामगाव, दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत धान्य रगडले जाई ते पाट्यावर, गुडघे टेकून, पुढे-मागे. फिरते जाते त्या मानाने अलीकडचे. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनी १९५४ ते ५६ या काळात प्रवरेकाठी नेवासे येथे लाडमोड टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्या, रोमन व्यापाराच्या खुणा असलेल्या थरांत त्यांना फिरत्या जात्यांचे दगड मिळाले. आणि १९५९ साली ‘अँटिक्विटी’ या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी भारतातील फिरत्या जात्यांवर स्वतंत्र टिपण लिहून या वस्तूच्या आगमनाचा संबंध रोमन संपर्काशी जोडला. हे अनुमान सर्वमान्य व्हावे असा माझा आग्रह नाही. परंतु ज्या नेवाशात पुढे पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशाच्या मातीत आपल्या ओवीची बैठक असलेला दगड निघावा, हा योगायोग मला कोणत्याही शिलालेखापेक्षा मोलाचा वाटतो. वरवंटा पुढे-मागे ओढणाऱ्या बाईला गाता येणे कठीण, कारण श्वास हिसक्याहिसक्याने तुटतो. खुंटा वर्तुळात फिरू लागला तेव्हा श्वासाला लय मिळाली. ओवीचा जन्म त्या लयीत झाला असे सिद्ध करणारा पुरावा माझ्यापाशी नाही, पण जात्यावर एकदा बसून पाहिलेल्या माणसाला तो मागावासा वाटणार नाही.

सोलापूरकराला याच काळाचे दर्शन घ्यावयाचे तर बार्शीवरून तेरला जावे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची पेठ सांगितली आहे. ते तगर म्हणजे तेरणाकाठचे हे तेर, असे १९०१ साली फ्लीट यांनी दाखवून दिले. गोरोबाकाकांच्या या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहाचा पाया मोठ्या मोहिमांनी नव्हे, तर गावकऱ्यांनी घातलेला आहे: पहिल्या पावसाने पांढरीची माती धुपली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत, नांगराच्या फाळाला खापरे लागत, आणि ज्यांना त्या सापडत ते त्या लामतुरे यांच्याकडे नेऊन देत. संग्रहालयाचा खरा सण कोणता असे मला विचाराल तर मी मृगाचा पाऊस म्हणेन.

पहिला प्रश्न तसाच राहिला: वारा का नाही? पवनचक्कीचा सर्वांत जुना खात्रीचा उल्लेख इराणच्या सीमेवरील सिस्तान प्रांताचा. दहाव्या शतकात अल्-मसूदीने तो वाळूचा आणि वाऱ्याचा मुलूख असून तेथे वारा चक्क्या फिरवतो असे लिहून ठेवले आहे, आणि खोरासानातील नश्तिफान गावात मातीच्या भिंतींमधील उभ्या आसाच्या तशा चक्क्या अजून पाहावयास मिळतात. त्या मध्य आशियाई मुलखाशी आपला संबंध नव्हता असे नाही. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ज्या दर्ग्यात आहे तो बाबा शाह मुसाफिर यांचा, आणि ते बुखाऱ्याकडून आलेले. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीवरून पाडून, त्या जोरावर दगड फिरवायचा आणि दर्ग्यातल्या फकिरांचे व वाटसरूंचे पीठ दळायचे, ही योजना तेथे अठराव्या शतकात पुरी झाली. जात्यापाशी उभे राहिले तर पायाखाली पाण्याचा घुमारा ऐकू येतो.

परंतु ती पाणचक्की अपवादच राहिली, आणि तिचे कारण मला त्या दर्ग्याच्या स्वरूपातच दिसते. फकिरांच्या मठात दळायला बायका नव्हत्या. जेथे त्या होत्या तेथे, वाडा असो की झोपडी, पहाटेच्या तीन-चार घटका दगड ओढणारे हात कोणतीही मजुरी न घेता उपलब्ध होते. मग चक्कीसाठी नहर खोदण्याचा वा शिडे उभारण्याचा खर्च कोणी आणि कशासाठी करावा? युरोपात सरंजामदार आपल्या चक्कीवरच दळण्याची रयतेवर सक्ती करी आणि दळणावळ वसूल करी, म्हणून चक्की हे उत्पन्नाचे साधन ठरले, तिची कागदपत्रे झाली, तिच्यावरून खटले झाले. बाराव्या शतकातील इंग्लंडातल्या पवनचक्क्या आपल्याला कळतात त्या खंडाच्या नोंदींमुळेच. आपल्याकडे चुन्याच्या घाणीला बैल मिळाला, तेलाच्या घाण्याला बैल मिळाला, पिठाला मात्र घरची सून पुरली. जमाबंदीच्या कोणत्याही सदरात न बसणाऱ्या या श्रमाची कैफियत म्हणून कोठे लिहिली गेली असेल तर ती ओवीत.

म्हणून या इतिहासातला सर्वांत मोठा शोध दगडाचा नसून आवाजाचा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत तेच काम चिकाटीने चालवले. आणि पुण्यात हेमा राईरकर व गी पॉईतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतील पुष्कळशा २०१७ पासून बायकांच्या स्वतःच्या आवाजांसह लोकांना ऐकावयास मिळू लागल्या आहेत. ध्वनिमुद्रणासाठी गाणे म्हणायचे तर नुसते बसून सुचत नाही, पुढ्यात जाते हवे, असे पुष्कळ बायका सांगत.

वारा शेवटी आला तो दळायला नव्हे. १९८६ च्या सुमारास देवगडला समुद्रावरच्या वाऱ्यातून वीज काढण्याचे पहिले प्रयोग झाले; पुढे साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पात्यांचे रानच उभे राहिले. पंढरपूरहून मिरजेला जाताना ढालगावच्या माळावर ती पांढरी पाती गाडीच्या खिडकीतून दिसू लागतात. गेल्या आषाढात परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या वारकरी आजींनी त्यांकडे बोट दाखवून नातवाला विचारले, ‘ह्येच्यात काय दळत्यात रं?’ ‘करंट,’ तो म्हणाला. त्यावर त्यांनी मान हलवली आणि पिशवीतला गोपाळपूरचा काला काढून आम्हां सर्वांच्या हातावर ठेवला.

आमच्या घरचे जाते आजीमागे मागच्या दारी नळाखाली गेले होते. त्याच्यावर धुणे आपटीत. मागच्या वैशाखात भाचीच्या लग्नाआधी घाणा भरायचा म्हणून ते घासूनपुसून आत आणले, तर खुंटा नाही. सुताराकडून नवा करून घेतला, तो सैल झाला, कागदाची पाचर मारली. सुवासिनींनी खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची डहाळी बांधली; दोघी मावश्यांनी ओवी धरली, तिसऱ्या कडव्याला एकीला शब्द आठवेनात, दुसरीने ते कानडीत पुरे केले, आणि पोरींनी हसत हसत ते फोनवर टिपून घेतले. दगडाला कित्येक वर्षांत टाकी लागलेली नव्हती, त्यामुळे हळद जेमतेम मूठभर निघाली. बाकीची सांगलीची, पुडीतली वापरली.