पोटाचा घेर आणि आतली धुमस

देहूहून तळवड्याकडे निघालं की उरलीसुरली रानं आणि कारखान्यांच्या शेड एकमेकांना खेटून दिसतात. या पट्ट्यात तीस-चाळीस वर्षांत माणसाचं अंगमेहनतीचं कामही आटलं. बैल जाऊन ट्रॅक्टर आला. पंप चालू करायला रात्री मळ्यात जाणारा गडी आता मोबाइलवरून मोटार सुरू करतो. चाकणला पाळीला जाणारा गावातूनच कंपनीच्या बसमध्ये बसतो. चाल सुटली आणि पोट सुटलं. वारीला पायी जाणारा तीन आठवडे चालतो खरा, पण उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांचं काय?

सुटलेल्या पोटाला आपल्याकडं कोणी वाईट म्हणत नाही. ‘खाऊनपिऊन सुखी हाय’ म्हणून मोकळे होतात. हातपाय काटकुळे आणि वजन बेताचं असलं की ‘मी कुठं जाडा?’ असंही वर ऐकायला मिळतं. फसगत होते ती इथंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच होतं. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्या माणसाचा वजनकाटा खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही.

कातडीखालची चरबी त्यामानानं गरीब. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी मात्र गप्प बसत नाही. तिथल्या पेशी फुगतात, काही मरतात. त्यांचा निचरा करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि एरवी जखम झाल्यावर सोडायची रसायनं रोजच सोडू लागतात. आतड्यांकडचं रक्त आधी यकृतात जात असल्यानं ही रसायनं थेट तिथं पोचतात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. डॉक्टर याला दाह म्हणतात. ना ताप, ना ठणका. ओल्या कडब्याची गंजी आतून धुमसावी, तसं वर्षानुवर्षं चालतं. त्यानं इन्शुलिनचं काम अडतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि पुढं मधुमेह, हृदयविकार.

हे शहरी लोकांचं दुखणं आहे का? डॉ. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळची खेडी, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती इथले ४४१ पुरुष तपासले. २००८ साली निष्कर्ष छापून आले. दाहाच्या खुणा खेड्यात कमी, झोपडपट्टीत त्याहून जास्त आणि मध्यमवर्गीयांत सर्वांत जास्त दिसल्या. यातला बराच फरक चरबीचा होता. पण आज देहूच्या शेतकऱ्याला यातल्या कुठल्या रांगेत उभं करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मोजायला महागडी तपासणी लागत नाही, शिंप्याचा टेप पुरे. पुरुषाला ९० सें.मी. आणि बाईला ८० सें.मी. ही आपल्यासाठीची हद्द. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात हा घेर असतो. घेर हद्दीपुढं गेला की एक गुण, आणखी दहा सें.मी. वाढला की दोन. तंबाखू, दारू, वय वगैरे धरून एकूण चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी पाठवायचं.

घोडं अडतं ते वेगळ्याच जागी. पुरुष माणूस आशाताईपुढं सदरा वर करायला लाजतो आणि पँटचा नंबर सांगून सुटतो. पँट बांधलेली असते पोटाखाली! चौतीसच्या पँटवाल्याचं पोट अडतीस इंच भरलं तर नवल नाही. हा आकडा फॉर्मात गेला तर सगळी मेहनत वाया. ग्रामपंचायतीनं पुरुषांची मापं आरोग्यसेवकाकडून घ्यायची सोय करावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून टेप धरायचा. पोट आत ओढायचं नाही.

घेर जास्त निघाला तर पोटावर पट्टे बांधून काही होत नाही. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं झपाझप चालावं, चहातली साखर आणि वडापाव कमी करावा, तंबाखू-विडी सोडावी. वजन पाच-सात किलोंनी उतरलं तरी आतली धुमस कमी होते. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.