चेहरा आणि नाव

फ्रेंच चित्रकार अँग्र याने १८४५ साली पुरे केलेले काउंटेस दोसोंव्हिल हिचे व्यक्तिचित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. निळ्या रेशमी पोशाखातील एक तरुण स्त्री दिवाणखान्यातील शेकोटीच्या कठड्याशी उभी आहे. उजवा हात कमरेवरून आडवा जाऊन डाव्या कोपराला आधार देतो. डाव्या हाताचे बोट हनुवटीखाली टेकले आहे. पाठीमागच्या मोठ्या आरशात तिची मान आणि केसांतील तांबडी फीत दिसते. कठड्यावरच्या निळ्या मखमलीवर फुलदाण्या, भेटपत्रिका आणि नाट्यगृहात न्यावयाची छोटी दुर्बीण ठेवली आहे. जवळच्या खुर्चीवर शाल टाकलेली आहे. नाटक संपवून ती नुकतीच घरी परतली असावी, अशी कल्पना पाहणाऱ्याने करावी हाच या मांडणीचा हेतू दिसतो.

चित्राची ख्याती प्रामुख्याने रेखेवर उभी आहे. अँग्र हा रेखेचा उपासक. रेखेचा डौल राखण्यासाठी शरीररचनेचे नियम मोडण्यास तो कचरत नसे. येथील उजवा हात नीट न्याहाळला, तर तो खांद्यापासून न निघता बरगड्यांखालून निघाल्यासारखा वाटतो. परंतु ही चूक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकी ती एकंदर आकृतीत मुरून गेली आहे. हे सहजपण कष्टसाध्य होते. काम १८४२ साली सुरू झाले, तेव्हा चित्रकाराने साठी ओलांडली होती आणि ती अवघी चोवीस वर्षांची होती. प्रारंभ अनेकदा फसले, हाताची, मस्तकाची, आरशातील प्रतिबिंबाची रेखाटने पुन्हा पुन्हा झाली. मध्यंतरी, १८४३ मध्ये, तिला मुलगा झाला. व्यक्तिचित्रे काढणे हे अँग्रला ओझे वाटे. आपण ऐतिहासिक विषयांचे चित्रकार आहोत असे तो मानी. तरीही त्याची कीर्ती आज मुख्यतः अशा चित्रांवरच टिकून आहे.

परंतु ही स्त्री कोण होती? तिचे माहेरचे नाव लुईज द ब्रॉय. हे आडनाव आपल्याकडील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ‘डी ब्रॉग्ली’ असे येते. १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे लुई द ब्रॉय हे तिच्या भावाचे नातू. लुईजचे वडील ड्यूक व्हिक्टर द ब्रॉय हे फ्रान्सचे पंतप्रधान झाले. पुढे भाऊ आल्बेरही त्या पदावर चढला. तिच्या आईची आई म्हणजे मादाम द स्ताल. कादंबरी आणि समीक्षा या दोन्ही क्षेत्रांत स्वतःच्या नावाने लिहिणारी, आणि त्यापायी नेपोलियनचा रोष ओढवून हद्दपारी सोसणारी ही स्त्री १८१७ मध्ये वारली. लुईजचा जन्म त्यानंतरच्या वर्षीचा. आजीची प्रत्यक्ष भेट नाही. घरात उरली ती तिची स्मृती. १८३६ साली लुईजचा विवाह काउंट दोसोंव्हिल यांच्याशी झाला. ते राजनीतीत वावरलेले आणि पुढे इतिहासकार म्हणून मान्यता पावलेले गृहस्थ.

आणि लुईजनेही ग्रंथ लिहिले. १८५८ साली ‘रॉबर्ट एमेट’ हे पुस्तक निघाले. एमेट हा आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी बंड करून १८०३ मध्ये फाशी गेलेला तरुण. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. पुढे १८७२ साली तिने लॉर्ड बायरनच्या तारुण्यावर, आणि १८७४ साली त्याच्या अखेरच्या वर्षांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. बायरन हा विषय तिला परका नव्हता. १८१६ च्या उन्हाळ्यात तो जिनीव्हा सरोवराकाठी कोपे येथे तिच्या आजीकडे येत असे. परंतु या ग्रंथांवरही लेखकाच्या जागी छापले होते ते इतकेच : ‘रॉबर्ट एमेटच्या लेखकाकडून’. म्हणजे एका निनावी पुस्तकाचा दाखला दुसऱ्या निनावी पुस्तकाने द्यावयाचा. अनुवादकाच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे मुखपृष्ठावरील रिकाम्या जागेकडे माझे लक्ष चटकन जाते.

खानदानी स्त्रीने पुस्तकावर नाव घालणे शिष्टसंमत नव्हते, असे उत्तर कोणी देईल. ते खोटे नाही. परंतु तिच्याच आजीने दोन पिढ्यांपूर्वी हा संकेत मोडला होता, हेही विसरता येत नाही. शिवाय घरातील पुरुषांकडे पाहावे. फ्रेंच अकादमीवर वडील १८५५ मध्ये निवडले गेले, भाऊ १८६२ मध्ये, पती १८६९ मध्ये. आणि चित्राचे काम चालू असताना जन्मलेला तो मुलगा १८८८ मध्ये. त्याआधीच, १८८२ साली, लुईज निवर्तली होती. त्या अकादमीने पहिली स्त्री सभासद, मार्गरित युर्सनार, निवडली ती १९८० साली. एका घरातील चार पुरुष ज्या दालनात बसले, त्याचे दार त्याच घरातील लेखिकेला बंद होते. वाङ्मयसंस्थांनी हा हिशोब आपापल्या दप्तरातही तपासून पाहावा.

यात अँग्रचा दोष नाही. त्याच्यासमोर उभी होती ती सत्ताविशीच्या आतली एक तरुणी. तिची पुस्तके अजून लिहावयाची होती. शब्द रंगविणे हे चित्रकाराचे काम नव्हे. तथापि परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. चित्राने तिचा चेहरा अजरामर केला आणि त्याखाली पतीचे नाव आले. ग्रंथांनी तिचे विचार टिकविले आणि त्यांवर कोणाचेच नाव आले नाही. चेहरा आणि नाव यांची गाठ तिच्या हयातीत कोठेच पडली नाही.

हे ठाऊक झाल्यावर चित्र पुन्हा पाहावे. हनुवटीखालचे ते बोट आजवर लाडिकपणाचे लक्षण म्हणून वाखाणले गेले आहे, आणि तसे पाहण्यास चित्रात आधारही आहे. परंतु ऐकलेल्या गोष्टीचा मनाशी विचार करणारी व्यक्तीही हनुवटीला बोट लावून उभी राहते. हा दुसरा अर्थ चित्राबाहेरून आणलेला आहे, हे मी मान्य करतो. तो ज्या पुस्तकांतून येतो, ती मात्र तिने स्वतः लिहिलेली आहेत.