चर्च वसईत, घंटा नाशकात

शेतकरी बंधूंनो, नाशिकला कामानिमित्त आपले जाणे-येणे असतेच. पुढच्या खेपेला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात घटकाभर थांबा आणि तिथली मोठी घंटा नीट बघा. देऊळ १७४७ चे, पण घंटेवर साल कोरलेय १७२१! देवळाहून घंटा जुनी कशी? तर ती आली वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चमधून. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटाही त्यातलीच.

आता ज्या इमारतींत त्या वाजत होत्या, त्या बघायच्या तर सुरतेला गाडी बदलून वसई रोडला उतरा. १५३४ पासून ही वसई पोर्तुगीजांकडे होती. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा एकेका पंथाने किल्ल्यात आपले दगडी चर्च उभारले. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जरा जपून पाऊल टाका, कारण तिथल्या फरशीत थडग्यांचे कोरीव दगड आहेत. जेझुइटांच्या चर्चशी गोन्सालो गार्सिया यांचे नाव जोडलेले. हे वसईचेच सुपुत्र. पाद्र्यांकडे शिकले, पुढे जपानला गेले, तिथे १५९७ साली नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

इंग्रजांच्या काळात याच किल्ल्यात ऊस लावून साखर काढायचाही प्रयत्न झाला होता. तो काही टिकला नाही. (आपल्या खात्यातल्या माणसाची नजर शेवटी उसाकडे जायचीच!)

पण मला खरी काळजी वाटली ती भिंतींची. बऱ्याच चर्चचे छप्पर गेलेय, आणि उघड्या भिंतीत पिंपळ-वड रुजतात. पाखराच्या विष्ठेतून पडलेले बी चुन्याच्या सांध्यात धरते, मूळ ओल शोधत आत शिरते, जाड होते आणि दगड फाकवते. आपल्या गावच्या विहिरीत, जुन्या वाड्यात हेच चालते की नाही? वरून झाड तोडले तर बुंधा पुन्हा फुटतो, उपटले तर दगडच निखळतो. रोप बोटभर आहे तोवरच काढावे आणि सांधा चुन्यानेच भरावा. सिमेंट लावले की ओल आतच कोंडते.

वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे आपण हात लावायचा नाही. भिंतीवर नावे तर मुळीच कोरू नका. जायचे तर थंडीत जा. पावसाळ्यात शेवाळाने पाय घसरतो आणि थडग्यांवरची अक्षरेही दिसत नाहीत.