लाईन बंद आहे, पण मेली आहे का?

पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या मुलांना तारा जोडण्याचा नाद लागतो तो बहुधा चवथीच्या सणात. माटोळीभोवती दिव्यांची माळ सोडायची, देवळाकडे नाटक असलं की मांडवात ट्यूब लावायला धावायचं, फ्यूज उडाला तर तार गुंडाळून पुन्हा बसवायचा. यातून हात धीट होतो. पुढे हाच मुलगा, आणि आता मुलगीही, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करते आणि वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली अप्रेंटिस, म्हणून कामावर रुजू होते. तिथे आधी हा धीटपणाच आवरावा लागतो. वीज आणायची कशी हे ठाऊक झालेलं असतं. वीज नाही याची खात्री कशी करायची, हे मात्र अजून शिकायचं असतं. ते जिथे नीट शिकवलं जातं, तिथेच या वर्षाचं सोनं होतं.

गोव्यात वीजवाटपाचं काम थेट सरकारच्या वीज खात्याकडे आहे. राज्याला लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते. मोठ्या उपकेंद्रांतून ती ३३ हजार व्होल्टवर, मग ११ हजारांवर उतरते आणि शेवटी गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून घरच्या २३० व्होल्टवर येते. पावसाळ्यात माडाचं झावळ तारांवर पडतं, डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज उडतो आणि अर्धा वाडा काळोखात जातो. लोक फोनवर फोन करतात. खांबाखाली उभ्या असलेल्या लाईनमनला मात्र घाई करून चालत नाही.

तो आधी उपकेंद्राकडून लाईन क्लिअर घेतो, म्हणजे ही लाईन बंद केली आहे आणि आपल्या परवानगीशिवाय चालू होणार नाही, अशी नोंद करून घेतो. मग जागेवरचा एबी (एअर ब्रेक) स्विच उघडतो आणि तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत की नाहीत, हे खालून डोळ्यांनी पाहतो. दांडा खाली आला तरी गंजामुळे एखादं पातं अडकून राहू शकतं, आणि केरी-हरमलच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजायला वेळ लागत नाही. दांड्याला कुलूप लागतं, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात जाते. त्यानंतर डिटेक्टरने तपासणी होते. पण हा डिटेक्टर स्वतः चालतो की नाही, हे आधी पाहून घेतलेलं असतं. शेवटी डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडतात. रॉडची जमिनीकडची बाजू आधी पक्की करायची आणि तारेला मग लावायचं. काढताना याच्या उलट. नवशिक्याचा गोंधळ होतो तो नेमका या क्रमात.

लाईन बंद केली, कुलूप लावलं, तरी जमिनीशी का जोडायची? पेडण्याच्या किनारपट्टीत याचं उत्तर पावलोपावली सापडतं. हॉटेलं, शॅक, लग्नाचे हॉल, सगळीकडे जनरेटर आहेत. जनरेटरला चेंजओव्हर स्विच नसेल, किंवा कुणी तो डावलून तारा थेट जोडल्या असतील, तर दिवे गेल्याबरोबर त्या जनरेटरची वीज उलटी वाहत ट्रान्सफॉर्मरकडे जाते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. वरून ११ हजार आले तर तो खाली ४१५ देतो. खालून ४१५ चढले तर वरच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे करतो. उपकेंद्रात बंद दिसणारी लाईन खांबावर जिवंत असते. घरचा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तर तोही हे करू शकतो. म्हणून घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येकाने आपला चेंजओव्हर जाणकाराकडून तपासून घ्यावा. तो नसेल तर धोका खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाला असतो.

ट्रान्सफॉर्मरच्या मुळाशी जो नियम आहे, तो शोधणारा माणूसही एकेकाळी उमेदवारच होता. १८०५ साली लंडनमध्ये जॉर्ज रिबो या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे चौदा वर्षांचा मायकेल फॅरडे सात वर्षांसाठी काम शिकायला राहिला. बांधायला आलेल्या ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला आणि तिथून त्याचं आयुष्य वळलं. १८३१ मध्ये त्याने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून एकातल्या प्रवाहाच्या बदलाने दुसऱ्यात वीज उमटते, हे दाखवलं. आपल्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर हे त्याच कड्याचं मोठं रूप.

पेडण्याच्या मातीचाही एक धडा आहे. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी जमीन वीज सहजी घेत नाही. अर्थिंगसाठी अडीच मीटरचा जस्त चढवलेला पाईप पुरून भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, वरून पाणी घालत राहायचं, आणि अर्थ टेस्टरने रोध मोजायचा. पावसाळ्यात घेतलेला आकडा चांगलाच येतो. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. हे वहीत वाचून कळत नाही. एकदा स्वतः खड्डा भरावा लागतो.

उमेदवारीच्या या वर्षाला कायद्याचं कवच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही आले. त्यांचा पश्चिम विभागाचा कारभार मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांना महिना किमान ७ हजार, पदविकावाल्यांना ८ आणि पदवीधरांना ९ हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क त्याला आहे. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मात्र मालकावर नाही.

म्हणून त्या वर्षात काय शिकवलं गेलं, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे शिडी धरणारा, चहा आणणारा, स्वस्तातला हेल्पर. हे अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही, कारण लाईन क्लिअर कधीच स्वतः न घेतलेला हा मुलगा पुढच्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन एकटा खांबावर चढणार असतो. उमेदवाराने आपण केलेल्या कामाची नोंद रोजच्या रोज लिहून वरिष्ठाची सही घ्यावी. करारपत्राची प्रत पहिल्या आठवड्यातच मागून ठेवावी.

कामाला तोटा नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. पेडण्यावरून जाणारी कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्णपणे विजेवर आली, तिच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि ती पदवी-पदविकाधारकांना उमेदवारीवर घेते. डिचोलीकडे आमोण्याच्या कारखान्यात मोटारी आणि पॅनेल हाताळायला मिळतात. कोरगावहून यातली प्रत्येक वाट वेगळी. पण करारावर सही करण्याआधी सगळीकडे एकच विचारावं, की इथे लाईन क्लिअर घ्यायला मला कोण शिकवणार आहे.